चुंबक घेण्याआधी

सांगलीतील आमच्या संशोधन केंद्रासाठी उच्च-क्षेत्र एनएमआर यंत्र (प्रबळ चुंबकक्षेत्रात अणुकेंद्रांचे सिग्नल टिपून रेणूंची रचना वाचणारे) घेण्याचा प्रस्ताव पहिल्यांदा बैठकीत आला, तेव्हा विश्वस्तांपैकी एकांनी फाईल न उघडताच विचारले, "मॅडम, आठशेचं मिळत असताना सहाशेचं कशाला घ्यायचं?" त्यांचा व्यवसाय बेदाण्याचा, दाणा जितका मोठा तितका सौद्यात भाव चढा, हे गणित त्यांच्या अंगवळणी पडलेले. मला त्या वेळी हसू आले नाही, कारण तोच प्रश्न माझ्याही मनात होता आणि माझेही उत्तर तेव्हा 'आठशे' असेच होते. ते बदलायला अकरा महिने लागले.

हे आकडे मेगाहर्ट्झमधले आहेत. चुंबकक्षेत्रात हायड्रोजनच्या अणुकेंद्राची वारंवारता दर टेस्लामागे सुमारे ४२.५८ मेगाहर्ट्झ असते. म्हणून बोलण्यात ज्याला 'सहाशेचं यंत्र' म्हणतात त्याचे चुंबक १४.१ टेस्लाचे असते आणि 'आठशे'चे १८.८ टेस्लाचे. क्षेत्र वाढले की यंत्राने काढलेल्या आलेखातली, म्हणजे वर्णपटातली, एकमेकांवर चढलेली शिखरे सुटी होतात आणि संवेदनशीलताही वाढते. ती क्षेत्राच्या साधारण दीड घाताच्या प्रमाणात वाढते असे धरले, तर सहाशेवरून आठशेवर जाण्याचा लाभ सुमारे १.५४ पट भरतो. एनएमआरमध्ये सिग्नल-टू-नॉईज गुणोत्तर, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या किती पट आहे ते, दुप्पट करायचे तर मोजणीचा वेळ चौपट द्यावा लागतो, तेव्हा १.५४ पट लाभाचा अर्थ असा की जे काम सहाशेवर बारा तास घेई, ते आठशेवर पाच तासांत होईल. आता दुसरी बाजू पाहा. त्याच सहाशेच्या चुंबकात साध्या प्रोबऐवजी क्रायोप्रोब बसवला, म्हणजे ज्या वेटोळ्यातून सिग्नल टिपला जातो ते वेटोळे सुमारे २० केल्व्हिनपर्यंत थंड केले, तर विजेच्या उष्णताजन्य गोंगाटात इतकी घट होते की संवेदनशीलता तीन ते चार पट वाढते. चौपट धरली तर वेळ सोळा पटींनी वाचतो. आठशेचे चुंबक साध्या प्रोबसह घेण्यापेक्षा सहाशेचे चुंबक क्रायोप्रोबसह घेणे आमच्या कामाला जास्त उपयोगी पडणार, हे खरे म्हणजे या दोन ओळींच्या हिशोबातच दिसत होते. पण मोठ्या आकड्याची भूल अशी असते की असा हिशोब मांडायलाही माणूस उशीर करतो.

आमचे काम द्राक्षावरच्या डावणी रोगाशी संबंधित आहे. डावणी पाडणारा प्लास्मोपारा व्हिटिकोला हा जीव बागायतदारांच्या बोलण्यात बुरशी असला, तरी जीवशास्त्राच्या दृष्टीने तो खऱ्या बुरशीहून वेगळ्या कुळातला आहे. तो पानाच्या पेशींत काही छोटी प्रथिने सोडतो आणि त्यांच्या जोरावर वेलीची प्रतिकारयंत्रणा गप्प करतो. अशाच एका प्रथिनाचा सुमारे १४ किलोडाल्टनचा तुकडा आम्ही ई. कोलाय जिवाणूंकडून तयार करून घेतो आणि तो वेलीतील रेणूंना नेमका कुठे चिकटतो हे पाहतो. या आकाराच्या प्रथिनाला सहाशेचे क्षेत्र पुरते. १९९७ साली पुढे आलेल्या, शिखरे अरुंद करणाऱ्या ट्रॉझी तंत्राचा खरा लाभ मोठ्या प्रथिनांना आणि ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या क्षेत्रांत होतो. आमच्या यादीत इतके मोठे प्रथिन एकच होते, आणि तेही प्रकल्पाच्या पाचव्या वर्षात लिहून ठेवलेले. पाचव्या वर्षात लिहिलेल्या गोष्टींचे काय होते, हे ज्यांनी प्रकल्प-अहवाल लिहिले आहेत त्यांना सांगायला नको.

सहाशे आणि क्रायोप्रोब एवढे निश्चित झाल्यावर दोन कंपन्यांची माहितीपत्रके मागवली. या लेखात त्यांची नावे मी मुद्दामच घेत नाही. मधल्या काळात एका मध्यस्थाने परदेशातून काढलेले जुने चुंबक नव्या कन्सोलसह, म्हणजे नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेसह, देऊ केले होते. ते चुंबक एकदा क्षेत्रहीन करून, जहाजाने आणून पुन्हा थंड करायचे आणि त्यात काही बिघडले तर जबाबदारी कोणाची, याचे उत्तर त्याच्या कागदांत नव्हते. तो विषय एका दुपारीच संपला.

माहितीपत्रकात सर्वांत ठळक अक्षरांत छापलेला असतो तो सिग्नल-टू-नॉईजचा आकडा. तो कशावर मोजतात, हे नीट समजून घेतल्याशिवाय त्याची तुलना करू नये. प्रोटॉनसाठीचा (म्हणजे हायड्रोजनच्या अणुकेंद्रासाठीचा) प्रमाण नमुना म्हणजे ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्ममधील ०.१ टक्का एथिलबेंझिन. त्याच्या एकाच स्कॅनमधील चार फाट्यांच्या शिखराची उंची घेतात आणि शेजारच्या रिकाम्या भागातील २०० हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात गोंगाट मोजतात. हा रिकामा भाग बराच लांब असतो, आणि त्यातला नेमका कोणता पट्टा निवडला यावर आकडा खालीवर होतो. संगणकाला सर्वांत शांत पट्टा शोधायला सांगितले, की यंत्राला हात न लावता आकडा वाढतो. यात खोटेपणा नसतो, फक्त पट्टा निवडण्याची पद्धत वेगळी असते. पण दोन कंपन्यांचे आकडे शेजारी मांडायचे असतील तर पद्धतही एकच हवी. आम्ही दोघांनाही लिहून कळवले की पट्टा आम्ही सांगू तो आणि आकडा त्याच पट्ट्याचा.

त्याहून मोठी अडचण अशी की एथिलबेंझिनच्या नळीत पाणीही नसते आणि मीठही नसते. प्रथिनाच्या नळीत नव्वद टक्के पाणी असते, म्हणजे पाण्याच्या प्रोटॉनची संहती १०० मोलरच्या आसपास; त्या पाण्यात आम्हाला ज्यांचा शोध घ्यायचा ते प्रोटॉन मिलिमोलरच्या अंशात असतात. म्हणून जैविक कामासाठी सुक्रोजची चाचणी अधिक बोलकी असते. पाण्यातील २ मिलिमोलर सुक्रोजच्या नळीत पाण्याचा सिग्नल दाबायचा आणि मग तीन गोष्टी पाहायच्या : सुक्रोजच्या एका प्रोटॉनचे दोन फाटे किती खोलवर वेगळे दिसतात, त्याचे सिग्नल-टू-नॉईज किती, आणि दाबलेल्या पाण्याच्या जागी उरलेला उंचवटा बुंध्याशी किती रुंद आहे. यांपैकी शेवटचा आकडा माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतो, आणि माझ्या मते खरेदी करणाऱ्याने सर्वांत आधी वाचावा तो हाच. उंचवटा रुंद असेल तर पाण्याच्या आजूबाजूचे अल्फा-प्रोटॉन, म्हणजे प्रथिनाच्या साखळीच्या कण्यावरचे प्रोटॉन, त्यात बुडतात. क्लोरोफॉर्मवरील शिखराच्या आकाराची चाचणीही मागून घ्यावी. त्यात शिखराची रुंदी निम्म्या उंचीवर तर मोजतातच, शिवाय ०.५५ आणि ०.११ टक्के उंचीवरही मोजतात. शिखर वरून सुरेख आणि पायथ्याशी पसरट असेल तर तिथे ते उघडे पडते.

एवढे सगळे प्रमाण नमुने पाहूनही माझे समाधान होईना. तेव्हा आम्ही ठरवले की आमचेच प्रथिन दोन्हीकडे मोजायचे, आणि तेही रोजच्या अवस्थेतले. साधारणपणे प्रात्यक्षिकाला माणूस आपला सर्वांत देखणा नमुना नेतो, पण आम्ही मुद्दाम त्रासदायक नमुना निवडला : नायट्रोजन-१५ या समस्थानिकाने चिन्हांकित केलेले, ०.१५ मिलिमोलर, १५० मिलिमोलर मिठाच्या फॉस्फेट बफरमधले. मीठ कमी केले की हे प्रथिन दोन दिवसांत खाली बसते, त्यामुळे आमचे काम अशाच द्रावणात चालणार होते. एकाच दिवशी, एकाच घाणीत तयार केलेले प्रथिन (घाणी हा प्रयोगशाळेतला आमचा शब्द, गुऱ्हाळावरून उचललेला) बारा नळ्यांच्या मापाने वाटून उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवले.

पहिली फेरी आम्हीच वाया घालवली. दोन नमुने कुरियरने पाठवले, ते वाटेत एका गोदामात दोन दिवस पडून राहिले, आणि आलेला वर्णपट इतका वाईट होता की मी त्या यंत्रावर मनातल्या मनात काट मारूनही टाकली. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी फोन करून "तुमच्या नळीत तळाला साका दिसतोय" असे सांगितले नसते, तर मी एका चांगल्या यंत्रावर अन्याय केला असता. त्यानंतर नमुने आम्ही स्वतः घेऊन गेलो. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये थर्माकोलचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या आम्हा दोघींना बघून समोरच्या आजोबांनी आधी कोणाची औषधे आहेत का, अशी चौकशी केली. पुढे माझी विद्यार्थिनी फोनवर "मागच्या वेळी पीक खूपच बारीक आलं होतं" असे कोणाला तरी सांगत होती, तेव्हा त्यांनी सहानुभूतीने विचारले, "यंदा अवकाळीनं गेलं का?"

दोन्ही ठिकाणी कार्यक्रम शब्दशः तोच ठेवला होता. हायड्रोजन-नायट्रोजनचा द्विमितीय एचएसक्यूसी वर्णपट (अशा प्रत्येक जोडीचे त्यात एक शिखर दिसते), तेवढेच स्कॅन, दोन्ही मितींत तेवढेच बिंदू, स्कॅनमधला विरामही तेवढाच, आणि तापमान २५ अंश. छापील चित्रे आम्ही घेतली नाहीत. मूळ कच्ची माहिती मागून घेतली आणि घरी येऊन दोन्हींवर एनएमआरपाइप या प्रणालीत एकाच पद्धतीने प्रक्रिया केली. चित्रात रेघा कुठल्या पातळीपासून काढायच्या हे काढणाऱ्याच्या हातात असते. पातळी थोडी वर नेली की गोंगाट नाहीसा होतो आणि कागद स्वच्छ दिसतो.

मोजायचे कोणते शिखर, हाही वादाचा मुद्दा झाला. पहिल्या ठिकाणच्या तज्ज्ञांनी आपण होऊन जे शिखर निवडले ते सर्वांत उंच होते. ते प्रथिनाच्या सैल शेपटीचे होते. साखळीचे टोक पाण्यात मोकळे हलते, त्याची शिखरे अरुंद आणि उंच येतात, आणि ती कोणत्याही यंत्रावर चांगलीच दिसतात. ज्या भागात आमचे प्रथिन वेलीच्या रेणूला चिकटते, तिथली दहा शिखरे मात्र दबकी आणि रुंद आहेत. मी म्हटले, यंत्राचे गुण मोजायचे ते या दहांवर. ही दहा दिसली नाहीत तर उरलेली शंभर दिसून आम्हाला उपयोग नाही. त्या तज्ज्ञांनी थोडा विचार करून हे मान्य केले आणि मग स्वतः बसून पाण्याचा सिग्नल दाबण्याची पद्धत बदलून पाहिली. चांगला माणूस होता.

दोन्हींकडची माहिती शेजारी ठेवली तेव्हा पहिल्या यंत्राची शिखरे स्पष्टपणे अधिक अरुंद दिसली, आणि आठवडाभर आमच्याकडे निकाल लागल्यासारखे वातावरण होते. मग एका संध्याकाळी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, पाणी दोन्हीकडे एकाच जागी नाहीये." नमुन्यात आम्ही डीएसएस हे संदर्भसंयुग घातले होते. त्याच्या सापेक्ष पाण्याचे शिखर तापमानाबरोबर सरकते. दर अंशाला साधारण ०.०१ पीपीएम (वर्णपटातील जागा मोजण्याचे एकक), तापमान वाढेल तसे उजवीकडे. पहिल्या ठिकाणचे पाणी ०.०३ पीपीएमने उजवीकडे होते. म्हणजे पडद्यावर २५ लिहिलेले असताना नळी प्रत्यक्षात २८ अंशांवर होती. गरम द्रावणात रेणू वेगाने गिरक्या घेतात, शिखरे अरुंद होतात, आणि आम्ही ज्याला यंत्राचा गुण समजत होतो तो तीन अंशांच्या उष्णतेचा होता. अशी चूक होऊ नये म्हणून ड्युटेरियमयुक्त मेथेनॉलच्या नळीने खरे तापमान आधी मोजून घ्यायचे असते. मी हे वर्गात वीस वर्षे शिकवत आले आहे. पुन्हा डबा, पुन्हा बर्फ, पुन्हा तीच गाडी. या वेळी मेथेनॉलची नळी सर्वांत आधी आत गेली, आणि दोन्ही यंत्रांतला फरक इतका उरला नाही की त्यावर खरेदी ठरावी.

फरक निघाला तो मिठात. क्रायोप्रोबचे वेटोळे थंड असल्याने त्याचा स्वतःचा गोंगाट नगण्य असतो. अशा वेळी खाऱ्या, वीजवाहक नमुन्याचा गोंगाट वरचढ ठरतो आणि थंडीने कमावलेले बरेचसे गमावले जाते. मिठाच्या नळीत अणुकेंद्रांना चेतवणाऱ्या रेडिओ-पल्सची लांबीही वाढते. आम्ही तेच प्रथिन मिठासह आणि थोड्या वेळासाठी मिठाविना, ५ मिलिमीटरच्या आणि ३ मिलिमीटरच्या नळीत, असे चारदा मोजून घेतले. खाऱ्या द्रावणात ५ मिलिमीटरच्या नळीतून ३ मिलिमीटरच्या नळीत गेल्यावर प्रथिन जवळजवळ एकतृतीयांश लागते, पण सिग्नल त्या प्रमाणात पडत नाही, हे पुस्तकात वाचले होते. स्वतःच्या प्रथिनावर पाहिल्यावर त्याची किंमत कळली, कारण नायट्रोजन-१५ आणि कार्बन-१३ ने चिन्हांकित केलेले प्रथिन बनवताना ग्रॅमागणिक पैसे मोजावे लागतात. एका यंत्राच्या प्रोबने खाऱ्या नमुन्यात आपला लाभ दुसऱ्यापेक्षा अधिक टिकवला. माहितीपत्रकातल्या एथिलबेंझिनच्या आकड्यात तो मागे होता.

द्रव नायट्रोजनवर चालणारा, दोन ते तीन पट लाभ देणारा स्वस्त प्रोबही विचारात होता. त्याला हेलियमचा कॉम्प्रेसर लागत नाही, देखभाल कमी लागते. त्रिमितीय प्रयोगांना मात्र वेळ फार जाईल, म्हणून तो मागे पडला. तरीही लहान केंद्रांनी तो आधी पाहावा असे मला वाटते.

यंत्रे जिथे चालतात तिथल्या लोकांना भेटणे, हा या प्रक्रियेतला सर्वांत फलदायी भाग ठरला. संचालकांच्या खोलीत चहा होतो आणि सगळे उत्तम चालले आहे असे कळते. यंत्राशेजारी स्टुलावर बसणाऱ्या माणसाला एकट्याला गाठून विचारावे, "गेल्या वर्षात किती दिवस बंद होतं?" एका ठिकाणी त्या गृहस्थांनी काही न बोलता कपाटातून वही काढून दिली. चुंबक एकदाही बिघडले नव्हते. बंद पडण्याची कारणे होती ती अशी : पाणी थंड करणारा चिलर, कॉम्प्रेसर, प्रोबचा कोल्डहेड (त्याला थंड ठेवणारा भाग), पुन्हा चिलर, संकुचित हवेतला ओलावा, आणि पुन्हा चिलर. कोट्यवधींचे यंत्र त्याच्याबरोबर स्थानिक पुरवठादाराकडून घेतलेल्या चिलरमुळे थांबते, हे कोणत्याही निविदेत लिहिलेले नसते. आम्ही चिलरचे तपशील मुख्य यंत्राइतक्याच काटेकोरपणे लिहिले आणि दोन घेतले.

आता जागेविषयी, आणि हा विषय सांगलीत राहणाऱ्यालाच नीट कळेल. एनएमआरचे चुंबक तळमजल्यावर, जमिनीवर टेकलेल्या फरशीवर असावे असे सांगतात, कारण वजन टनाच्या हिशोबात असते आणि वरच्या मजल्यांचे स्लॅब थरथरतात. आमच्या जुन्या इमारतीचा तळमजला रिकामा होता. त्याच्या भिंतीवर २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराची रेघ अजून आहे. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांपलीकडे गेली होती; धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले. म्हणून नदीपासून दूर, विश्रामबागच्या बाजूची आमची नवी इमारत निवडली, तर तिथून सांगली-मिरज लोहमार्ग जवळ. नदीपासून पळावे तर रेल्वे गाठते, अशी स्थिती. जाणाऱ्या गाडीचे लोखंड चुंबकक्षेत्र किंचित हलवते, तिच्या चाकांनी जमीन हलते, आणि वरच्या तारेतल्या २५ किलोव्होल्ट विद्युतप्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्झ असते. क्षेत्रातले सावकाश होणारे बदल ड्युटेरियमच्या सिग्नलवरून क्षेत्र स्थिर ठेवणारा लॉक सावरून घेतो. जमिनीच्या कंपनांचे तसे नाही. त्यांच्यामुळे उंच शिखरांच्या दोन्ही बाजूंना खोटी पिले दिसतात आणि द्विमितीय वर्णपटात उभे पट्टे उमटतात.

कंपन्यांची माणसे जागेची पाहणी करून गेली ती ऑगस्टमध्ये. चोवीस तास उपकरणे लावून त्यांनी अहवाल दिला की जागा योग्य आहे. अहवालात चूक काहीच नव्हती. पण ऑगस्टमध्ये आमच्या रस्त्यावरून ऊस जात नाही. गाळप हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर जात राहतात, आणि त्रिमितीय प्रयोग चालतात तेही रात्रीच. मी दोघांनाही जानेवारीत पुन्हा यायला सांगितले. एकाने खर्च मागितला, तो आम्ही दिला. जानेवारीच्या नोंदीत रात्री दहा ते पहाटे चार या काळात कंपने ठळकपणे वाढलेली दिसली, आणि त्यावरूनच हवेच्या उशांवर चुंबक तोलणारे कंपनरोधक पाय, जे आधी 'ऐच्छिक' या सदरात होते, ते आवश्यक ठरले. भिंतीबाहेरचा दुचाकींचा तळ हलवावा लागला, त्यावरून कर्मचाऱ्यांशी थोडी कुरबूरही झाली. छत पाऊण फुटाने कमी पडत होते, कारण हेलियम भरण्याची लांब नळी वरून सरळ खाली सोडावी लागते. फरशी खणून चुंबक खड्ड्यात बसवण्याची सूचना आली, ती मी मान्य केली नाही. थंड नायट्रोजन वायू जड असतो, तो खड्ड्यात साचतो आणि माणसाला कळायच्या आत तिथला प्राणवायू संपलेला असतो. छतच वाढवले. प्राणवायूचे मापक तरीही लावायचेच, कारण चुंबक क्वेंच झाले, म्हणजे त्याची अतिसंवाहकता अचानक गेली, तर एका लिटर द्रव हेलियमचा साडेसातशे लिटरच्या आसपास वायू होतो.

विश्वस्त महोदयांना सर्वांत जास्त काळजी विजेची होती. "लाइट गेली की चुंबक गेलं, असंच ना?" असे त्यांनी विचारले तेव्हा मला बरे वाटले, कारण याचे उत्तर बहुतेकांना उलटे वाटते. नायोबियमच्या मिश्रधातूंच्या तारेत एकदा सोडलेला प्रवाह ४.२ केल्व्हिनवर विरोधाविना फिरत राहतो. त्याला बाहेरची वीज लागत नाही. वीज गेली तर थांबतात ते कन्सोल, कॉम्प्रेसर आणि चिलर. क्रायोप्रोब गरम होतो आणि पुन्हा थंड व्हायला मोजणीची अख्खी रात्र जाते. त्यामुळे यूपीएस आणि जनरेटर प्रोबसाठी. चुंबकाला भूक असते ती हेलियमची.

आणि हेलियम भारतात बाहेरून येतो. ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात या मूलद्रव्याची खूण भारताच्या भूमीवरून केलेल्या निरीक्षणांत मिळाली, आपल्याकडे त्यासाठी विजयदुर्गाचे नावही कौतुकाने घेतात. पण भरायची वेळ आली की परदेशातून आलेल्या टाकीची वाट पाहावी लागते. कंपन्या देतात तो आकडा चुंबकातून दर तासाला किती हेलियम उडतो याचा असतो. मी विचारत गेले तो आकडा वेगळा होता : वर्षाला विकत किती लिटर घ्यावा लागतो? नळी थंड करताना, भरताना, आणि पुणे-मुंबईहून टाकी इथवर येईपर्यंत जे उडते तेही आपल्याच पैशाचे असते. वही दाखवणाऱ्या त्या गृहस्थांच्या हिशोबात ही वाढ चांगलीच मोठी होती. द्रव नायट्रोजनची मात्र आमच्याकडे अडचण नाही. जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात, त्यामुळे ॲल्युमिनियमचे ते कॅन आणि त्यांतून निघणारी वाफ जिल्ह्यातल्या गावोगावच्या माणसांना ओळखीची आहे. आमच्या शिपायांना त्याची भीती घालवावी लागली नाही, उलट फाजील धीटपणा कमी करावा लागला.

निविदेविषयी थोडक्यात लिहिते. अनुदान सरकारी असल्याने तांत्रिक आणि आर्थिक असे दोन लिफाफे होते, आणि तांत्रिक अटी एकाच कंपनीला बसतील अशा लिहिता येत नाहीत, तशा लिहूही नयेत. आमच्या खाऱ्या नमुन्यावरची चाचणी अटीत घातली तेव्हा हरकत आली की हा प्रमाण नमुना नाही. आम्ही उत्तर दिले की नमुना दोघांनाही तोच आहे आणि मोजण्याची पद्धत आधीच जाहीर आहे. ते मान्य झाले. हमीचा काळ संपल्यावरच्या पाच वर्षांचा सर्वसमावेशक देखभाल-करार आणि कोल्डहेडची बदली यांचे दर आर्थिक लिफाफ्यातच मागितले आणि सर्वांत कमी दर ठरवताना ते मिळवले. असे न केल्यास यंत्र स्वस्तात येते आणि चौथ्या वर्षी देखभालीचा दर ऐकून डोळे फिरतात. जुलै २०२२ मध्ये संशोधन-साहित्यावरची जीएसटीची सवलत गेल्याने अठरा टक्के धरूनच अंदाजपत्रक केले होते. जुन्या दराने केलेली अंदाजपत्रके कोलमडलेली मी पाहिली आहेत.

एका विश्वस्तांनी विचारले की एवढ्या मोठ्या कंपन्यांचे भविष्य तपासण्याची काय गरज. त्यांना व्हेरियनची हकीकत सांगितली. एनएमआरमधले ते अत्यंत प्रतिष्ठित नाव २०१० मध्ये ॲजिलेंटने विकत घेतले आणि २०१४ मध्ये ॲजिलेंटने एनएमआरचा व्यवसायच बंद केला. त्या यंत्रांचे चुंबक अजून धडधाकट आहेत, पण कन्सोलचे सुटे भाग शोधत फिरावे लागते. म्हणून सुटे भाग किमान दहा वर्षे मिळतील, ही हमी लेखी घेतली. तिचा उपयोग किती होईल हे दहा वर्षांनी पाहू.

शेवटच्या बैठकीत तुलनात्मक तक्ता मांडला तेव्हा बेदाण्याच्या व्यापाऱ्यांनी, म्हणजे आमच्या पहिल्या प्रश्नकर्त्यांनी, सहाशेच्या रकान्यावर बोट ठेवून विचारले, "आणि ते आले की हेच आहे की दुसरं, हे कसं ओळखणार?" हा मात्र खऱ्या सौदेबाजाचा प्रश्न होता. दाखवलेला माल आणि पोचलेला माल एकच असेल, याची खात्री करूनच ते पैसे सोडतात. करारात आम्ही रकमेचा एक हिस्सा अंतिम चाचणीपर्यंत राखून ठेवला आहे. ती चाचणी एथिलबेंझिन, सुक्रोज आणि क्लोरोफॉर्म यांच्यावर होईल, आणि चौथी आमच्या प्रथिनावर, त्याच दहा दबक्या शिखरांवर, मेथेनॉलने तापमान मोजून.

त्या घाणीतल्या चार नळ्यांपुरते प्रथिन फ्रीजरच्या सर्वांत खालच्या कप्प्यात शिल्लक आहे. फ्रीजर यूपीएसवर घेतला आहे, आणि डब्यावर विद्यार्थिनीने जाड मार्करने लिहून ठेवले आहे : 'चुंबक येईपर्यंत हात लावू नये.'